अकरावा मजला आणि जिवाणी



बरेच दिवसांत लिहिणं झालं नाही म्हणून दोघी-तिघींनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठीक आहे. आम्ही शहरात राहायला आलो आहोत, एवढंच. 'एवढंच' म्हणायला सोपं आहे.

२०२३ च्या जूनमध्ये कोऱ्हाळे बुद्रुकच्या घराला कुलूप लावलं. पालखी नीरेतून पुढे गेली, रस्ता मोकळा झाला आणि आम्ही बरोबर उलट दिशेनं निघालो. नीरा, जेजुरी, सासवड, दिवेघाट, हडपसर आणि मग सगळं पुणं ओलांडून वाकड. कारण सरळ होतं. आदल्या वर्षी ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आणि मुलानं स्पष्ट सांगितलं, "बाबांना रात्री काही झालं तर तिथून गाडी काढून दवाखान्यात पोचेपर्यंत मी इथे बसून काय करू?" ह्याला उत्तर नव्हतं. दुकान दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्याला चालवायला दिलं होतं. आषाढातली अष्टान्हिका लागायच्या आत मुक्काम हलवला. त्या वर्षी श्रावण अधिक होता, चातुर्मास पाच महिन्यांचा. मी मनाशी म्हटलं, मुनीमहाराज एका जागी राहतात, आपणही पाच महिने राहून बघू. कार्तिकी पौर्णिमेनंतर ठरवू.

पहिल्याच दिवशी गेटवर प्रश्न आला, "कोणाकडे?"

मी म्हटलं, "माझ्याकडे."

तो म्हणाला, "तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

कोऱ्हाळ्यात आमचं दार सकाळी सहाला उघडायचं ते रात्री झोपताना बंद व्हायचं. कोण आलं, कशाला आलं, हे आलेला माणूस ओट्यावर बसून चहा पिता पिता सांगायचा. इथे माझी सख्खी बहीण आली तर आधी मुलाच्या मोबाईलवर विचारणा जाते. मुलगा मीटिंगमध्ये असतो, बहीण गेटवर उन्हात असते आणि मी अकराव्या मजल्यावर पोळ्या झाकून बसलेली असते. बहिणीनं वर आल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "तुझ्याकडे यायचं म्हणजे कलेक्टरकडे यायचं झालं बाई."

लिफ्टचं निराळंच. समोर माणूस आला की तोंडातून आपोआप 'जय जिनेंद्र' निघतं, ही आपली जन्माची सवय. एक तरुण मुलगा रोज सकाळी भेटायचा. मी म्हणायची 'जय जिनेंद्र', तो म्हणायचा 'हां, हॅलो'. मला वाटलं, बरं झालं, निदान बोलतो तरी. आठ दिवसांनी कळलं की त्याच्या कानात यंत्र असतं आणि तो हॅलो फोनवरच्या माणसाला म्हणत असतो. मग मीही सोडून दिलं. पण गंमत बघा, मी गप्प झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं कानातलं यंत्र काढून विचारलं, "आजी, आज काही बोलला नाहीत?"

आता पाण्याकडे वळते. खरी अडचण तिथेच आहे आणि त्यावरून माझं नाव सोसायटीच्या ग्रुपवर गाजलं.

कोऱ्हाळ्याला आमच्या परसात आड आहे. सासूबाईंच्याही आधीपासूनचा. भाटघरचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्यानं आमच्याकडे येतं. कालवा ब्रिटिशांच्या वेळचा, एकोणिसाव्या शतकातला. कालव्याला पाणी सुटलं की पाझरानं आडाची पातळी वर येते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवलेली गोष्ट स्वयंपाक नव्हती. जाड कापडाचं दुहेरी गाळणं, ते कसं धरायचं, पाणी गाळून झाल्यावर गाळलेल्याच पाण्यानं ते उलटं करून कसं धुवायचं आणि ती जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात अलगद कशी सोडायची, हे आधी शिकवलं. वरून ओतायची नाही. तळाला कडी असलेली बादली आडात उतरवायची, पाण्याला टेकली की दुसऱ्या दोरीनं उलटी करायची. माझ्या हातून पहिल्यांदा बादली वरूनच सुटली. सासूबाई रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "तुला कोणी तिसऱ्या मजल्यावरून टाकलं तर?" त्या वेळी गावात तिसरा मजला कोणाचाच नव्हता.

आणि आता मी अकराव्या मजल्यावर.

इकडे नळाला पाणी दिवसाआड येतं, २०१९ च्या नोव्हेंबरपासून तसंच चाललंय म्हणतात. ते पवना धरणाचं. बाकीची तूट टँकरनं भरतात. टँकरवाल्याला विचारलं, "बाबा, पाणी कुठलं?" तो म्हणाला, "बोअरचं." "कुठल्या बोअरचं?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या पगाराची चिठ्ठी मागितली. आता जिवाणी सोडायची कुठे? पवनेत? बोअरमध्ये? टँकरमध्ये? मूळ ठिकाण सापडेना, तेव्हा जवळात जवळचं ठिकाण म्हणजे गच्चीवरची टाकी. आपल्या नळाला पाणी तिथूनच येतं. मी रोज सकाळी तांब्या झाकून गच्चीवर जाऊ लागले. टाकीला लोखंडी शिडी आहे, चारच पायऱ्या. झाकण सरकवायचं, तांब्याला सुतळी बांधलेली, तो हळूच पाण्याला टेकवायचा आणि कलता करायचा. बारा-तेरा दिवस सुरळीत गेले. पर्युषण जवळ येत होतं, मनाला समाधान होतं.

चौदाव्या दिवशी ग्रुपवर निरोप आला. 'काही ज्येष्ठ सभासद पाण्याच्या टाकीत पूजेचे साहित्य टाकत असल्याचे कॅमेऱ्यात दिसून आले आहे. कृपया असे करू नये.' खाली एकानं लिहिलं, 'निर्माल्य असेल.' दुसरी म्हणाली, 'माझ्या मुलाचं पोट चार दिवस बिघडलंय.' तिसऱ्यानं तर टाकी रिकामी करून धुवायची मागणी केली. मुलानं ऑफिसमधून फोन केला. आवाज अगदी शांत ठेवून म्हणाला, "आई, तू गच्चीवर जातेस?"

रविवारी खाली हॉलमध्ये बैठक. मी गाळणं, तांब्या, सुतळी सगळं घेऊन गेले. लपवण्यासारखं होतं काय? सेक्रेटरी चांगला माणूस, पण घाबरलेला. मी सगळ्यांसमोर करून दाखवलं. म्हटलं, "तुमच्याच टाकीचं पाणी आहे. माझ्या घरी गाळलं, कापडाला जे राहिलं ते परत तुमच्याच टाकीत. मी नवीन काहीच टाकलेलं नाही. उलट तुम्ही सगळे ते पिता, मी तेवढं पीत नाही." हॉल एकदम शांत झाला. मग ज्या बाईच्या मुलाचं पोट बिघडलं होतं तिनं विचारलं, "म्हणजे आमच्या पाण्यात जीव असतात?" बैठक माझ्यावरून उठली आणि टाकी शेवटची कधी धुतली यावर गेली. पण निर्णय काही माझ्या बाजूचा झाला नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, उद्या कोणीही उठून टाकी उघडायला लागलं तर?

घरी आल्यावर नातीनं आणखी एक काडी टाकली. सातवीत आहे, विज्ञानात हुशार. "आजी, पाण्यात क्लोरीन टाकतात. जीव आधीच मरतात. मग तू गाळतेस कोणाला?" मी तिला म्हटलं, "गृहपाठ कर."

पण तो प्रश्न काही गेला नाही, खरं सांगते. रात्रभर घोळला. ह्यांनी आपल्या परीनं समजूत घातली, "अगं, पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते. आपली नीरा नीरा-नरसिंहपूरला भीमेलाच मिळते. शेवटी सगळं पाणी एकच. मोरीत सोडलंस तरी पोचेल." मी म्हटलं, "वाटेत सोसायटीचा सांडपाण्याचा कारखाना आहे, त्याचं काय?" हे गप्प झाले. सध्या मी काय करते, तेही लिहून टाकते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. बाथरूममध्ये न गाळलेल्या पाण्याची बादली भरलेली असते, टाकीचंच पाणी. जिवाणी त्यात हळूच सोडते. ती बादली पुढे कुठे जाते हे मला माहीत आहे, म्हणून मी तिकडे बघत नाही. संध्याकाळी सामायिकाला बसल्यावर मात्र ते बघावं लागतं. तुमच्यापैकी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणी ह्याची नीट सोय लावली असेल तर मला जरूर सांगा.

पिठाची गोष्ट त्या मानानं सोपी होती, म्हणजे भांडण लहान झालं.

सूनबाई हिंजवडीला आयटीत आहे. मुलगी मनानं चांगली, हाताला वेग आहे, पण घरात पीठ पाकिटातलं. पाकिटावर तीन महिन्यांची तारीख. आपली मर्यादा तुम्हाला माहीतच आहे, थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. मी काही बोलले नाही, फक्त माझ्यापुरती ज्वारी निवडून ठेवली आणि गिरणी शोधायला निघाले. गिरणी सापडली पावणेदोन किलोमीटरवर, आणि गिरणीवाल्याच्या डब्यात माझ्या आधी कोणाचं काय दळलं गेलं ते त्यालाही सांगता येईना. मग मुलानं घरघंटी आणली. मी सकाळी साडेसहाला लावली. सात वाजता दहाव्या मजल्यावरून फोन, "तुमच्याकडे भिंत फोडायचं काम चालू आहे का? सुट्टीच्या दिवशी तरी..." आता दळणाची वेळ अकरा ते एक. इतकी शिस्त मी कॉलेजातही पाळली नव्हती.

ऑक्टोबर अखेरीस सूनबाईनं विचारलं, "आई, पाऊस कधीच संपला. मग अजून तीनच दिवस का?" मी सांगितलं, आपला पावसाळा आभाळ बघून संपत नाही, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत धरायचा. अष्टान्हिकेपासून अष्टान्हिकेपर्यंत एकेक ऋतू. तिनं ऐकून घेतलं आणि कामाला गेली. मला वाटलं, सोडून दिलं असेल. दोन दिवसांनी पाहते तर पिठाच्या डब्यावर पांढरी चिठ्ठी. 'दळलं : मंगळवार. मर्यादा : गुरुवार.' ऑफिसातलं छापायचं यंत्र वापरून सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या. मसाल्यालाही. मी काही बोलले नाही, तीही काही बोलली नाही.

हॉटेलाचं दोन ओळींत आटपते. नातीच्या वाढदिवसाला गेलो, यादीत 'जैन पावभाजी' छापलेलं. मी विचारलं, बटाटा नाही ना? पोरगा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "नाही मॅडम, कांदा-लसूण अजिबात नाही. फक्त बटाटा आहे." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला समजावलं की शेंगदाणाही जमिनीखालीच येतो, मग तो कसा चालतो? शेंग आणि कंद यांतला फरक मी तिला सांगत बसले आणि माझं ताक गरम झालं.

ह्यांचं काय चाललं होतं ते राहिलंच. गावात असताना रोज संध्याकाळी रोजमेळ लिहायचा, चाळीस वर्षांची सवय. इथे लिहायला काय? बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. सुरुवातीला गाड्या मोजल्या. मग विमानं. डॉक्टर म्हणाले तब्येत उत्तम आहे, पण मला दिसत होतं, माणूस दिवसेंदिवस बारीक होत चालला आहे आणि वजन मात्र तेवढंच. रात्री उठून विचारायचे, "दुकानाचं शटर नीट लावलंय ना?" आम्हीही ते दोन वर्षांपूर्वीच लावलं होतं. मी 'हो' म्हणायची.

मग त्यांनी टँकर मोजायला घेतले. जुनी एक वही होती तिच्यात, तारीख, वेळ, गाडीचा शेवटचा नंबर. कोणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोसायटीचा मागच्या महिन्याचा हिशोब ग्रुपवर आला. टँकर चौऱ्याण्णव. ह्यांच्या वहीत सत्त्याऐंशी. हे म्हणाले, "माझं चुकलं असेल, दुपारी डोळा लागतो." मी म्हटलं, थांबा. मी बी.कॉम. आहे, मैत्रिणींनो, हे अधूनमधून मला स्वतःलाच सांगावं लागतं. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात शिकले. आमच्या संस्थेचं नाव अनेकांत एज्युकेशन सोसायटी, आणि लहानपणी मला वाटायचं की अनेकांत म्हणजे एखादी कमिटी असते. तर सोसायटीच्या ऑफिसातून पावत्यांची झेरॉक्स मागितली आणि दोन दुपारी बसून बँकेचा ताळा जुळवतात तसं एकेक जुळवलं. सात पावत्यांना वहीत गाडी नाही. त्यातल्या चार एकाच दिवसाच्या आणि त्या दिवशी नळाला भरपूर पाणी होतं, कारण मी स्वतः सतरंज्या धुतल्या होत्या.

सेक्रेटरी वर आला. चहा घेतला. वही बघितली. पुरवठादारानं फोनवर 'पोराची चूक झाली' म्हणून सात टँकरचे पैसे पुढच्या बिलातून कमी केले. तेव्हापासून टँकरवाला गेटवर थांबून वर बघतो आणि हात करतो, हे बाल्कनीतून हात करतात, मगच पाइप लागतो. दर महिन्याची बेरीज ह्यांच्या सहीनं जाते. मी सेक्रेटरीला म्हटलं, आता टाकीच्या कुलपाचं बघा. तो हसला, आणि विषय बदलला.

आता त्या दिवसाबद्दल, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

सूर्यास्तापूर्वी जेवण हा माझा नियम लग्नाआधीपासूनचा. कोऱ्हाळ्यात त्याला नियम म्हणावं असं काही वाटतच नव्हतं. दुकान बंद, घरातले सगळे एका पंगतीला, दिवे लागायच्या आत भांडी घासून पालथी. इथे जुलैत सूर्य सव्वासातला मावळायचा तोवर निभावलं. नोव्हेंबरच्या शेवटी तो पुण्यात सहालाही थांबत नाही. खरं तर दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी आटपावं. म्हणजे पाच वाजून दहा मिनिटं. त्या वेळी नात क्लासला, सून ऑफिसात, मुलगा रस्त्यात. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी समोरासमोर बसून जेवतो. नऊ वाजता ते तिघं जेवायला बसतात, तेव्हा मी वाढायला उभी राहते आणि मुलगा रोज म्हणतो, "आई, निदान बस तरी." बसते. रिकाम्या ताटासमोर बसणं मला अजून जमलेलं नाही.

कार्तिकाची अष्टान्हिका. पेठेतल्या मंदिरात सिद्धचक्र विधान होतं. चतुर्दशीला जायचंच असं ठरवलं होतं. ह्यांना गर्दी नको म्हणून एकटी गेले. मुलानं मेट्रोचं सुचवलं. ऑगस्टपासून पिंपरीहून शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत मेट्रो झाली होती, पण वाकडहून पिंपरीला रिक्षा, कोर्टापासून पेठेत पुन्हा रिक्षा, म्हणजे तीन ठिकाणी चढउतार. गुडघ्यांनी नाही म्हटलं. सरळ रिक्षा केली.

पूजेला मन फार लागलं. निघायला साडेचार झाले. तरी म्हटलं, साडेपाचला घरी पोचू. मला साखर आहे. पाच वाजता गोळी आणि अर्ध्या तासात जेवण, हे वेळापत्रक. मुलानं मोबाईलमध्ये गजर लावून दिला आहे. पाचला गजर वाजला, रिक्षा गणेशखिंड रस्त्याला लागलेली, मी सवयीनं पर्समधली गोळी काढली आणि बाटलीतल्या उकळलेल्या पाण्याबरोबर घेऊन टाकली. घेतल्यावर पुढे बघितलं.

विद्यापीठ चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जुना पूल २०२० मध्ये पाडला, नवा व्हायचा होता, हिंजवडीच्या मेट्रोचे खांब उभे राहत होते, आणि मधल्या पट्टीतून सगळं पुणं घरी जायला निघालं होतं. सव्वापाच. पाच पंचवीस. रिक्षा तिच्याच जागी. शेजारची मोटारही तिथेच, तिच्यातलं बाळ माझ्याकडे बघून तीनदा रडून तीनदा हसलं. साडेपाचला माझ्या तळव्यांना घाम आला. मग बोटं थरथरायला लागली. साखर खाली जाताना काय होतं ते मला माहीत आहे, मागे एकदा स्वयंपाकघरात पडले होते. मनात सरळ दोनच रस्ते दिसत होते. रस्त्यावर, चपला घालून, धुळीत, हातपाय न धुता काहीतरी तोंडात टाकायचं. नाहीतर घरी पोचून सूर्यास्तानंतर जेवायचं. दुसरं तर मी लग्नाच्या आधीपासून केलेलं नाही. आणि तिसरा रस्ता, काहीच न खाणं, तो मला क्षणभर फार मोठा आणि पवित्र वाटला, हेही कबूल करते. मग ह्यांचा चेहरा आठवला, बाल्कनीत बसलेला.

पण खायचं काय? पिशवीत हात घातला. पूजेचं वस्त्र, चष्म्याचं घर, आणि खाली एक डबा. मी ठेवलेला नव्हता. वर पांढरी चिठ्ठी. 'दशम्या. पीठ : काल. पाणी : गाळलेलं. हिरवं काही नाही.' आत चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चतुर्दशीला हिरवं चालत नाही, हे मी तिला कधी सांगितलं होतं ते मलाही आठवेना.

रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, बाजूला घेता येईल का? मला सूर्य मावळायच्या आत खायचंय. साखरेची गोळी घेतलीय." त्यानं आरशातून बघितलं, काय दिसलं कोण जाणे, पण त्यानं रिक्षा तिरकी करून, दोन मोटारींच्या शिव्या खात फुटपाथला लावली. मी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, पाय धुतले, चपला खाली काढल्या आणि सीटवर मांडी घातली. त्यानं मोबाईल काढला. "आजी, पाच अठ्ठावन्नला मावळतो म्हणतंय. सावकाश खा, सोळा मिनिटं आहेत." मी णमोकार म्हटला आणि घास घेतला. मागून हॉर्न. तो उतरून मागच्याला सांगून आला, "पेशंट आहे." पुढे दर दोन-तीन मिनिटांनी तो घड्याळ सांगत होता, "अकरा राहिली. नऊ राहिली. पाणी पण आधीच प्यायचं असतं का?" एक मोटारसायकलवाला काच वर करून बघत राहिला, त्याला हा म्हणाला, "सूर्य मावळायच्या आत संपवायचंय, बघत काय बसलाय, पुढे घे." तिसरी दशमी झाल्यावर बोटं स्थिर झाली. चौथी मी त्याला दिली. नको नको म्हणत त्यानं खाल्ली आणि म्हणाला, "चांगली आहे. लसूण असती तर बहार आली असती."

पाच छप्पनला मी पाण्याचा शेवटचा घोट घेतला. समोर खांबांच्या मधून आभाळ लाल झालं होतं, सूर्य काही दिसला नाही. घरी पोचायला सात वाजले.

सूनबाई लवकर आली होती. दारातच उभी. मी रिकामा डबा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "आई, चटणीत मीठ जास्त झालं होतं का?" मी म्हटलं, "जरा." आणि आम्ही दोघी एकदम स्वयंपाकघरात गेलो, कारण कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता.

पौर्णिमा झाली. ठरल्याप्रमाणे दोन दिवस कोऱ्हाळ्याला गेलो. घर उघडलं, झाडलं. ऊसतोड सुरू झालेली, सोमेश्वर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रस्त्यावर रांग होती. तिथेही आम्ही अर्धा तास अडकलो आणि मुलगा माझ्याकडे बघून हसला. आडाला पाणी चांगलं होतं. मी सकाळी पाणी गाळलं, कडीची बादली उतरवली, टेकवली, उलटी केली. दोरीला हात अजून बरोबर वळतो.

जेवताना मुलानं हळूच विचारलं, "घराचं काय करायचं? एकजण विचारतोय." मला वाटलं, हे एकदम नाही म्हणतील. हे म्हणाले, "सोमवारच्या आत परत गेलं पाहिजे. टँकरची वही त्या पोराकडे दिलीय, तो वेळ लिहीत नाही." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतके महिने मी समजत होते की ह्यांच्यासाठी मी थांबले आहे आणि ह्यांना गावाकडे ओढ आहे. मी मुलाला म्हटलं, "पुढच्या भाद्रपदातल्या दशलक्षणापर्यंत काही बोलू नकोस." तो बरं म्हणाला. किल्ली मी माझ्याच पर्समध्ये ठेवली आहे.

निघताना ह्यांनी बाजारातून लाल कापडाच्या दोन वह्या घेतल्या. मी आडावरची कडीची बादली सोडवून गाडीत ठेवली. कशाला, असं कोणी विचारलं नाही. सूनबाईनं बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी जागाही केली.

गेटवर मात्र नवीन माणूस होता. गाडीत डोकावला आणि म्हणाला, "बादली कोणाकडे जाणार?"

ह्यांनी खिशातून पेन काढून त्याला दिलं आणि म्हणाले, "अकराशे तीन. वेळ पण लिही."